सोडून दिलेल्या कुत्र्याला घर मिळवून देताना : कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

मिरगाचा पाऊस लागायच्या बेतात होता. कळंबा तलावाच्या रस्त्याला एक कुत्री तीन दिवस एकाच जागी बसून होती. चारचाकी आली की उठायची, काचेकडे बघायची, गाडी पुढे गेली की परत तिथेच बसायची. गळ्याभोवतीचे केस झडून पट्ट्याचा गोल उमटला होता. अंगापिंडाने लॅब्राडॉरसारखी, पण पुरती लॅब नव्हे. रंग गुऱ्हाळातल्या ताज्या काकवीसारखा, म्हणून तिचं नाव काकवी पडलं.

काकवीला कायमचं घर मिळायला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वेळ लागला. त्याच्या आदल्या वर्षी मी एका कुत्र्याला नऊ दिवसांत घर दिलं होतं. दीड महिन्याने बघायला गेले, तर ते कोंबड्यांच्या शेडशेजारी दोन हातांच्या साखळीला बांधलेलं होतं आणि पाण्याच्या डब्यात शेवाळ होतं. त्याला मी परत आणलं. त्या नऊ दिवसांत मी फक्त 'कुणीतरी घेऊ दे' एवढंच बघत होते. कोण घेतंय आणि कशासाठी, हे विचारायला हवं होतं.

तुमच्या दारात आत्ता असंच एखादं कुत्रं बसलं असेल आणि पहिल्यांदाच ही वेळ आली असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. मधली गाळावीशी वाटेल, पण गाळू नका.

१. आधी ते कुणाचं आहे, ते बघा

रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं बेघर नसतं. काही गल्लीचीच असतात. त्यांची हद्द ठरलेली, खायला घालणारी चार घरं ठरलेली. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर त्याची नसबंदी झाली आहे. पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागीच सोडतात. ते धडधाकट असेल आणि गल्ली त्याला सांभाळत असेल, तर उचलून आणण्यात त्याचं भलं नाही. गल्लीतलंच कुत्रं कुणाला घरी न्यायचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार महापालिकेकडे दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो. ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मग अर्जदाराची.

सोडून दिलेलं कुत्रं वेगळं कळतं. त्याला रस्ता ओलांडता येत नाही. गल्लीतली बाकीची कुत्री त्याला टिकू देत नाहीत. उकिरड्यात तोंड घालायचं त्याला सुचत नाही. नखं वाढलेली असतात, कारण आजवर फरशीवरच वावरलेलं असतं. गाड्यांमागे लागतं ते भुंकायला नाही, तर आपल्या माणसाला शोधायला.

पण हीच सगळी लक्षणं हरवलेल्या कुत्र्याचीही असतात. दिवाळीच्या फटाक्यांनी किंवा गणपतीच्या मिरवणुकीतल्या आवाजाने बिथरून कुत्री पाच-पाच किलोमीटर लांब जातात. म्हणून आधी मालक शोधा:

- पशुवैद्याकडे नेऊन कातडीखाली ओळखीची चिप आहे का ते यंत्राने तपासून घ्या. चिपचा क्रमांक १५ अंकी असतो.
- सापडलेल्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या वस्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दवाखान्यांत आणि कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानांत फोटो द्या.
- फोटोत एक खूण मुद्दाम लपवा. काकवीच्या उजव्या मागच्या पायाचं एक बोट पांढरं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. 'माझीच आहे' म्हणून दोन जण आले. दोघांनाही ते सांगता आलं नाही.
- जवळच्या पोलीस ठाण्यात कुत्रं सापडल्याचा साधा अर्ज देऊन पोच घ्या. महिन्याभराने कुणी हक्क सांगत आलं, तर हा कागद उपयोगी पडतो.

मी निदान दहा दिवस थांबते. कुत्रं मुद्दाम सोडताना कुणी पाहिलं असेल, गाडीचा क्रमांक किंवा सीसीटीव्हीचं चित्रण मिळत असेल, तर तक्रार जरूर द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अजून १० ते ५० रुपयेच आहे. त्यामुळे त्या भीतीने कुणी थांबत नाही. निदान नोंद तरी व्हावी म्हणून तक्रार द्यायची.

कुत्रं मादी असेल आणि सड लोंबत असतील, तर तिला हलवण्याआधी पिल्लं शोधा. काकवीचे सड लोंबलेले होते. आम्ही तिघांनी दोन संध्याकाळी आजूबाजूचा ऊस, पाइपांचे ढीग, अर्धवट बांधकामं पालथी घातली. काहीच सापडलं नाही. तिला विणीसाठी वापरून, पिल्लं विकून, मग सोडलं असावं असं डॉक्टर म्हणाले.

२. घरी आणणं आणि वेगळं ठेवणं

धरायला धावू नका. थोडं लांब, अंग तिरकं करून खाली बसा, डोळ्याला डोळा भिडवू नका आणि वासाचं काहीतरी पुढे ठेवा. उकडलेल्या अंड्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. काकवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःहून जवळ आली. कुत्रं लाळ गाळत असेल, जबडा लोंबलेला असेल, आवाज घोगरा झाला असेल, दिसेल त्याला चावत असेल, तर जवळ जाऊच नका. लोकांना बाजूला ठेवा आणि महापालिकेला कळवा.

चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. 'पाळलेलंच दिसतंय, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे काम पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर आधीच लस घ्यायची सोय आहे. डॉक्टरांना विचारून ती घेऊन ठेवा.

घरी आणल्यावर १४ दिवस त्याला बाकीच्या जनावरांपासून वेगळं ठेवा. परडं, गॅलरी, बंद जिना, बाथरूम, काहीही चालेल. भांडी वेगळी, पट्टा वेगळा. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना होणारा जीवघेण्या हगवणीचा आजार. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या आणि वाळेपर्यंत कुत्र्याला तिकडे सोडू नका.

उपाशी कुत्र्यापुढे एकदम परातभर ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. मऊ भात आणि अंडं, किंवा हाड काढलेलं उकडलेलं चिकन. दुधाने पुष्कळ कुत्र्यांना हगवण लागते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. आपल्याकडे रविवारी रश्श्यातली हाडं कुत्र्याला घालायची सवय घरोघरी असते. शिजलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्या आतडं फाडतात. त्यात रश्श्यातला कांदा-लसूण. शेजाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण ते प्रेमानेच घालतात.

३. दवाखाना

शक्यतो पहिल्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी न्या. निघण्याआधी फोन करा. पिल्लू असेल तर त्याला दवाखान्याच्या फरशीवर टेकवू नका, हातात किंवा पाटीत धरा.

जखमेत किडे पडलेले दिसले, तर डिझेल, फिनेल किंवा डांबरगोळ्या त्यात घालू नका. किडे मरतात, पण मांस जळतं आणि विष अंगात भिनतं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेनने कुत्र्याची मूत्रपिंडं जाऊ शकतात.

डॉक्टरांकडून एवढं करून घ्या: वजन, दातांवरून वयाचा अंदाज, त्वचेची तपासणी, जंताचं औषध, गोचिडांवर उपाय आणि रक्ताची तपासणी. रक्ताच्या तपासणीवर पैसे वाचवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत आणि उसाच्या पट्ट्यात गोचिडं अमाप. गोचीड तापाचं कुत्रं वरून नुसतं सुस्त दिसतं, आत प्लेटलेट कोसळत असतात. काकवीचं तसंच होतं. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स होता. पाचव्या दिवशी ती उड्या मारायला लागली, पण औषध २८ दिवस पूर्ण दिलं. मध्येच थांबवलं तर ताप पुन्हा उलटतो.

मादी किंवा नराच्या लघवीच्या जागेतून सतत रक्ताचे थेंब पडत असतील, तर 'माजावर आहे' म्हणून सोडून देऊ नका. तो संसर्गाने पसरणारा कर्करोग असू शकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो सर्रास आढळतो. आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी तो बहुतेकदा पुरता बरा होतो. मात्र बरा झाल्याशिवाय कुत्रं कुणाला द्यायचं नाही.

लसींचं साधं गणित: पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग दरवर्षी. मोठ्या कुत्र्याचा इतिहास माहीत नसेल, तर काहीच झालेलं नाही असं धरून सुरुवात करा. आजारी कुत्र्याला लस टोचायची घाई करू नका. ते कधी, हे डॉक्टर ठरवतील. प्रत्येक लसीचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या आणि तारखेखाली सही-शिक्का घ्या. नुसतं 'लस दिली' असं तोंडी कुणाला सांगून भागत नाही.

४. नसबंदी झाल्याशिवाय द्यायचं नाही

यावर माझं मत पक्कं आहे. एखादी जात दिसणारी, नसबंदी न झालेली कुत्री तुम्ही दिलीत, तर तिची पुढची पाच-सहा वर्षं पिंजऱ्यात वेत काढण्यात जाऊ शकतात. काकवीला पहिल्या आठवड्यात आलेल्या फोनांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न होता, 'ऑपरेशन झालंय काय?' झालंय म्हटलं की फोन बंद.

अंगावर पाजणारी कुत्री असेल तर दूध आटेपर्यंत थांबावं लागतं. माजावर असेल तरी डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर टाके भरायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस गळ्यात ती शंकूची कॉलर ठेवा, उड्या मारू देऊ नका, अंघोळ नाही. पिल्लू फारच लहान असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर दत्तकपत्रात नसबंदीचा महिना लिहून घ्या आणि त्या महिन्यात स्वतः सोबत जा.

५. स्वभाव वहीत लिहा

तात्पुरत्या सांभाळाचे दिवस म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. कुत्रं कसं आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर त्याला कुठलं घर मानवेल हे कसं ठरवणार? एक वही करा. पहिल्या आठवड्यात कुत्रं दबून असतं, खरा स्वभाव तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का, लहान मुलांशी कसं वागतं, मांजर-कोंबडी दिसली की काय करतं, एकटं किती वेळ राहतं, गाडीत ओकतं का, कशाला भितं.

काकवीच्या वहीत होतं: 'काठी हातात धरलेल्या पुरुषाला बघून लघवी करते. छत्रीलाही भिते. एकटी ठेवली तर दार ओरबाडते. मुलांशी फार मऊ. जेवण दुसऱ्या कुत्र्यासोबत वाटून घेत नाही.' यातली एकही गोष्ट मी पुढे लपवली नाही. पुढे जे घर मिळालं ते या वहीमुळेच मिळालं.

तुमच्याकडे जागा नसेल तर ओळखीपाळखीत तात्पुरता सांभाळणारं माणूस शोधा. खाणं आणि औषध तुमचं, जागा त्यांची, असं स्पष्ट बोलून ठेवा. 'चार दिवस ठेवा' असं सांगून दोन महिने ठेवू नका. दोन महिने लागतील असंच सांगा.

६. फोटो आणि मजकूर

दिवसाउजेडी, कुत्र्याच्या उंचीला बसून काढलेले तीन फोटो पुरतात: चेहरा, पूर्ण अंग, आणि माणसासोबत एक. सोबत अर्ध्या मिनिटाचा चालतानाचा व्हिडिओ. जखमेचे फोटो टाकून दया मागू नका. दयेपोटी आलेलं माणूस महिन्याभरात थकतं.

मजकुरात वय, वजन, नसबंदी, लसी, स्वभाव, कुठलं घर मानवेल आणि कुठलं मानवणार नाही, एवढं असू द्या. तुमचा पत्ता लिहू नका. 'फुकट' हा शब्द तर मुळीच लिहू नका, त्याने नको ती माणसं येतात. दवाखान्याच्या फळ्यावर, ओळखीच्या शिक्षकांना, पहाटे रंकाळ्यावर कुत्री फिरवायला येणाऱ्यांना सांगा. माझा अनुभव असा की ज्यांचं म्हातारं कुत्रं वर्षभरापूर्वी गेलं आहे, अशी घरं सगळ्यांत चांगली. कुत्र्याच्या आयुष्यात काय काय येतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

७. फोन येतील, तेव्हा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. माझं पहिलं कुत्रं इथेच चुकीच्या हातात गेलं.

फोन साधारण असे येतात. "ताई, ते लॅब द्यायचं हाय न्हवं? मळ्यात ठेवतो की. राखणीला झ्याक हाय." त्यांना विचारा, रात्री मळ्यात माणूस कोण असतं? बांधून ठेवणार की मोकळं? पाऊस आला की ते कुठे बसणार? मळ्यातलं प्रत्येक घर वाईट नसतं. वस्तीवर माणसं राहत असतील आणि कुत्रं त्यांच्या पायात घुटमळत असेल, तर शहरातल्या तिसऱ्या मजल्यापेक्षा ते घर चांगलं. पण शेडला, गुऱ्हाळाला, बांधकामाला 'राखण' म्हणून कुत्रं मागणाऱ्याला मी देत नाही. राखणीचं काम संपलं की कुत्रंही संपतं. सोडून दिलेलं कुत्रं मुळात राखणीला चालतही नाही. दोनदा मन मोडलेलं जनावर अनोळखी माणसाला बघून एकतर लपतं, नाहीतर चावतं.

दुसरा फोन: "पोराचा वाढदिवस हाय, सरप्राइज द्यायचंय." पोरगं किती वर्षांचं आहे आणि शी कोण उचलणार, एवढंच विचारा. सगळं घर एकत्र भेटल्याशिवाय द्यायचं नाही.

तिसरा, आपल्याच भागातला. कारवानी, पश्मी, मुधोळ अशा लांब पायांच्या, सडपातळ कुत्र्यांना शर्यतीसाठी किंवा सशाच्या शिकारीसाठी मागणी असते. मुधोळ गाव इथून काही फार लांब नाही आणि या कुत्र्यांची आवड इथे जुनी आहे. आवड असण्यात वाईट काही नाही, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार सशाची शिकार गुन्हा आहे. आणि पायात जोर आहे तोवरच अशा कुत्र्याला विचारलं जातं. ते कुत्रं फक्त घरात राहायलाच द्या.

प्रत्येकाला मी हे विचारते, आणि प्रश्नावर 'होय-नाही' न घेता सांगायला लावते:

- याआधी जनावर होतं का? ते आता कुठे आहे?
- दिवसभर घरी कोण असतं?
- घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाला माहीत आहे का?
- घरातल्या कुणाला कुत्रं नको आहे का?
- गावाला गेल्यावर कोण बघणार?
- आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात न्याल?
- पूर आला आणि घर सोडावं लागलं, तर कुत्र्याचं काय कराल?

शेवटचा प्रश्न कोल्हापुरात विचारावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा माणसं घाईने बाहेर पडली आणि पुष्कळ जनावरं दाव्याला आणि साखळीला तशीच राहिली. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळकडची गावं किंवा शहरातला नदीकाठ असेल, तर हे विचारताना संकोच नको. 'आधी सोडवू, मग बघू' म्हणणारा माणूसही मला चालतो. विचारात पडून गप्प बसणारा चालत नाही.

उत्तर देताना चिडणारी माणसं असतात. "कुत्रं देताय का पोरगी?" असं मला ऐकावं लागलं आहे. आवाज चढवू नका. 'दुसऱ्यांना आधी शब्द दिलाय' म्हणा आणि ठेवून द्या.

८. घर बघायला जा

जाताना एकटं जाऊ नका, विशेषतः बायकांनी. दिवसा जा, कुणाला तरी पत्ता सांगून जा. कुत्रं पहिल्या भेटीला नेऊ नका. नेलं की नाही म्हणणं जड जातं.

फाटकाखालून कुत्रं निसटेल का, गॅलरीच्या गजांत किती अंतर आहे, गच्चीला कठडा आहे का, कुत्रं झोपणार कुठे, हे बघा. 'बाहेरच असेल' म्हणाले तर बाहेर म्हणजे कुठे, ते दाखवायला सांगा. जुलैत इथला पाऊस आडवा मारतो, पत्र्याच्या कडेला बसलेलं कुत्रं रात्रभर भिजतं. शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला. घरच्यांनी सांगितलं नाही ते शेजारी सांगतात.

सोसायटीत 'कुत्रं चालत नाही' असं कुणी म्हणालं म्हणून ते घर लगेच बाद करू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण दत्तक घेणाऱ्याची तेवढ्यासाठी भांडायची तयारी आहे का, हे विचारून घ्या. भाड्याच्या घरात मात्र मालकाची लेखी संमती हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. परत आलेल्या कुत्र्यांमागे हे कारण मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं आहे.

काकवीचं घर राजारामपुरीत मिळालं. निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान आणि कॉलेजला जाणारी नात. मी वहीतली सगळी पानं वाचून दाखवली. छत्रीचं आल्यावर बाई उठल्या, दारामागे टांगलेली छत्री त्यांनी आत कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "पुढं वाचा."

९. कागद

दत्तक घेणाऱ्याकडून:

- ओळखपत्राची प्रत. आधार असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत पुरते. त्यावर 'फक्त कुत्रं दत्तक घेण्यासाठी' असं लिहून सही घ्या.
- पत्त्याचा पुरावा
- भाड्याचं घर असल्यास मालकाचं संमतीपत्र
- दोन मोबाइल क्रमांक, त्यातला एक घराबाहेरच्या नातेवाइकाचा

तुम्ही द्यायचं:

- लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या
- चिप बसवली असेल तर तिचा क्रमांक
- स्वभावाच्या वहीची प्रत
- पोलीस ठाण्यातल्या अर्जाच्या पोचेची प्रत

आणि दोघांनी मिळून करायचं दत्तकपत्र. मी ते साध्या कागदावर करते: तारीख, दोघांचे पत्ते, कुत्र्याचं वर्णन आणि फोटो, दोन्ही सह्या, एक साक्षीदार. त्यात हे स्वच्छ मराठीत असावं: कुत्रं विकणार नाही, परस्पर कुणाला देणार नाही, विणीला वापरणार नाही, कायम बांधून ठेवणार नाही, वेळेवर लसी देईन, पहिले सहा महिने भेटायला येऊ देईन, आणि सांभाळणं अशक्य झालं तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच परत करीन. शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा.

महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याची नोंद नव्या पालकाच्या नावानेच करायला सांगा. पैसे मी घेत नाही, पण पुढची लस त्यांच्या खर्चाने आणि माझ्यासमोर, असं ठरवते.

१०. सोपवायचा दिवस

दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात किंवा गणपतीत कुत्रं नव्या घरी नेऊ नका. नव्या जागेत फटाका वाजला की ते दिसेल त्या फटीतून पळतं, आणि परत यायची वाट त्याला माहीत नसते. महाद्वार रोडच्या आसपासचं घर असेल तर विसर्जन मिरवणुकीचाही विचार करा. काकवीचं घर ऑक्टोबरमध्ये ठरलं होतं. आम्ही भाऊबीज होऊ दिली, मग नेली.

सकाळी न्या, म्हणजे रात्रीपर्यंत पूर्ण दिवस मिळतो. निघण्याआधी तीन-चार तास खायला घालू नका. जुनी चादर, जुनी वाटी आणि आठवडाभराचं तेच खाणं सोबत द्या. चादर धुऊ नका, तिला ओळखीचा वास असतो. पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घाला, दोन्हींना दोरी लावा. गळ्यातला एकटा पट्टा घाबरलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून सहज निघतो. पट्ट्याला फोन क्रमांकाचा बिल्ला हवाच.

घर पुण्या-मुंबईकडचं असेल तर शक्यतो मोटारीने आणि स्वतः न्या. रेल्वेने पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन (दोन किंवा चार बर्थची बंद खोली) तुमच्या नावे मिळाली तरच कुत्रं जवळ ठेवता येतं, नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या, म्हणजे सामानाच्या डब्यातल्या, पेटीत एकटं जावं लागतं. भेदरलेल्या कुत्र्याला तसं पाठवू नका. कुणा अनोळखी गाडीवाल्याच्या हातीही नको.

तिथे तासभर बसा. मग निरोपाचा सोहळा न करता उठा.

११. पुढचे तीन महिने

नव्या घरात कुत्र्याला साधारण तीन दिवस बिचकण्यात जातात, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने ते घर आपलं वाटायला. हे नव्या पालकांना आधीच सांगून ठेवा. 'दोन दिवस काही खाल्लं नाही', 'सोप्यातच मुतली', 'रात्रभर रडतेय' असे फोन पहिल्या आठवड्यात येणारच. ते आले म्हणजे बरंच आहे, माणसं लपवत नाहीत. दोन दिवसांनंतरही पाण्याला तोंड लावत नसेल, ओकत असेल किंवा हगवणीत रक्त असेल, तर मात्र वाट न बघता दवाखाना.

पहिले दोन आठवडे पाहुणे नकोत, अंघोळ नको, फाटकाबाहेर दोरी सोडणं नको. निसटलं तर लगेच तुम्हाला कळवायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही. अशा वेळी मागे धावण्यापेक्षा त्याची चादर आणि खाणं फाटकापाशी ठेवून एका माणसाने शांत बसावं. पुष्कळ कुत्री रात्री, वर्दळ कमी झाली की परत येतात.

मी पहिल्या आठवड्यात रोज फोन करते, महिनाभर आठवड्याला एकदा, मग महिन्याला. महिन्याने एकदा न सांगता जाते. ते दत्तकपत्रात लिहिलेलं असतं, त्यामुळे कुणी रागावत नाही. पाण्याचं भांडं बघते, नखं बघते, गळ्याखाली साखळीचा वळ आहे का ते बघते.

कुत्रं परत आलं तर घ्या. का परत आलं ते वहीत लिहा आणि सातव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. साखळीला बांधलेलं जे कुत्रं मी परत आणलं, त्याला दुसरं घर मिळायला सात महिने लागले. तो आता कसबा बावड्यात एका दुकानदाराच्या गल्ल्याखाली झोपतो.

सहा महिने झाले की चिपच्या नोंदीत नव्या पालकांचं नाव पहिलं लावून घ्या. तुमचं नाव दुसरा संपर्क म्हणून राहू द्या. काकवीच्या नोंदीत पहिला क्रमांक आता त्या नातीचा आहे, दुसरा माझा.